शिकागो, व्हाया वारंगा फाटा

आमच्या आखाडा बाळापुरात कुणालाही अंतर विचारा, उत्तर किलोमीटरमध्ये मिळणार नाही. ‘वारंगा फाटा किती लांब हाय?’ ‘हे काय, इथंच.’ ‘कळमनुरी?’ ‘बसलं की आलं.’ ‘हिंगोली?’ ‘घंटा-सव्वा घंटा. पण गाडी कुणाची हाय त्याच्यावर हाय.’ नांदेडला एरवी दीड घंटा लागतो. लग्नाला निघालं तर तीन लागतात, कारण वाटेत दोन पाहुणे उचलायचे असतात आणि त्यातला एक अजून आंघोळीला बसलेला असतो. किलोमीटर हा शब्द गावात फक्त मोटारसायकल विकताना वापरतात, आणि तोही खोटा.

अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. अक्षांश, रेखांश, आंतरराष्ट्रीय वाररेषा, सगळं खडूनं फळ्यावर काढलं. पोरांना सांगितलं, पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधलं सगळ्यांत कमी अंतर म्हणजे बृहद्‌वृत्त. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेत चुकवलं आणि पुढं जाऊन हळदीच्या धंद्यात माझ्यापेक्षा जास्त पैसा केला. एक मात्र शिकून शिकागोला गेला. तो माझाच निघाला. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्याचा फोन आला: ‘बाबा, आईला घेऊन या. सहा महिने राहा.’

ही बातमी बसस्टँडसमोरच्या टपरीवर माझ्या आधी पोचली. मी गेलो तेव्हा चहा सांगायच्या आत प्रश्न आला.

‘गुरुजी, किती लांब पडतंय?’

गाव ज्यांना नुसतं मामा म्हणतं, त्या मामांचा हा प्रश्न. मामा हळदीचे जुने अडते. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या मालाचं वजन केल्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट तोलल्याशिवाय त्यांना पटत नाही. मी मोबाइल काढला, हैदराबाद ते शिकागो असं विचारलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: ‘तेरा हजार दोनशे ऐंशी किलोमीटर. वेळ सतरा तास सहा मिनिटं.’

टपरी गप्प झाली. तेरा हजार किलोमीटरचं कुणाला काही वाटलं नाही; ‘सहा मिनिटं’ मात्र सगळ्यांच्या घशात अडकली.

‘वरची सहा मिनिटं कशाची?’ मामा म्हणाले.

मी समजावलं की हे नुसतं गणित आहे. विमानाचा सरासरी वेग ताशी आठशे किलोमीटर धरायचा, अंतराला त्यानं भागायचं, वर उडण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकायचा. उत्तर १७.१ येतं. दशांश चिन्हापुढच्या त्या एकाची सहा मिनिटं होतात.

‘म्हणजे मोजलं न्हाई कुणी,’ मामांनी निकाल दिला. ‘सहा मिनिटांत आपला जीपवाला बशीतला चहा संपवत न्हाई.’

अंतराच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला एवढं ढिलं समजू नका. इथून फार लांब नाही (किती, ते विचारू नका), औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया नावाची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. आत लेझरचा किरण सोडायचा आणि गुरुत्वीय लहरीमुळं त्या चार किलोमीटरमध्ये प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा जरी फरक पडला, तरी तो पकडायचा. माणसानं बनवलेली सगळ्यांत काटेकोर मोजपट्टी हिंगोली जिल्ह्यात यावी, हा मला मोठा विनोद वाटतो. मामांना वाटला नाही. ते म्हणाले, ‘झालं की एकदा त्यांच्याकडून वारंग्याचं अंतर मोजून घेऊ. कुणी बारा म्हणतंय, कुणी पंधरा. भाडं ठरत न्हाई.’

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर टरबूज आणि सुतळी घेऊन गेलो. शिक्षक निवृत्त होतो, त्याचा तास संपत नाही. टरबुजावर खडूनं हैदराबाद केलं, पार पलीकडं शिकागो केलं आणि सुतळी ताणून दाखवली. भिंतीवरच्या नकाशात शिकागो डाव्या हाताला दिसतं, म्हणून माणसाला वाटतं की विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं सरळ पश्चिमेला जात असेल. पण टरबुजावर सुतळी ताणली की ती भलतीकडं पळते. हैदराबादहून ती जवळजवळ उत्तरेलाच निघते, किंचित डावीकडं कललेली. चढत चढत ७९ अंश अक्षवृत्तापर्यंत जाते, म्हणजे उत्तर ध्रुवापासून बाराशे-सव्वाबाराशे किलोमीटरवर, आणि मग कॅनडावरून शिकागोत उतरते.

मामांनी सुतळीवर बोट ठेवलं. ‘हैदराबादच्या उत्तरेला तर आपणच हाव.’

हा मुद्दा भूगोलाच्या अख्ख्या नोकरीत माझ्या ध्यानात आला नव्हता. घरी जाऊन गणित केलं. ती रेषा खरोखरच हिमायतनगरच्या आसपासच्या आभाळातून जाते. बाळापुरापासून पूर्वेला, पाखरू नीट उडालं तर पाऊण-एक घंट्यावर. म्हणजे शिकागोला जाण्यासाठी आम्ही आधी रात्रभर दक्षिणेला हैदराबादेत जायचं, तिथून विमानात बसायचं, आणि विमानानं आम्हाला उचलून परत आमच्याच शेजारी आणायचं.

‘मंग हिमायतनगरला हात करा की,’ टपरीवाला म्हणाला. ‘थांबंल.’

२०२१ च्या जानेवारीत हैदराबाद-शिकागो असं थेट विमान सुरूही झालं होतं. आमची निघायची वेळ आली तेव्हा मात्र ते वेळापत्रकात उरलेलं नव्हतं. पोरानं दुबईमार्गे तिकीट काढलं. हैदराबाद ते दुबई अडीच हजार आणि दुबई ते शिकागो साडेअकरा हजारांच्या वर. एकूण नऊशे किलोमीटरचा फेरा. ‘फेरा पडतोय तरी स्वस्त?’ मामांना हे पटेना. ‘आपल्याकडं फेऱ्याचे जास्ती घेतात.’ मग त्यांनी विचारलं की तिथल्या विमानतळाचं नाव काय. मी सांगितलं, ओ’हेअर. पण तिकिटावर ओआरडी लिहितात, कारण त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड, म्हणजे फळबाग.

‘बाग गेली म्हणा की विमानतळात,’ मामा हळहळले. ‘मावेजा किती मिळाला?’

तेवढ्यात टपरीवाल्यानं पृथ्वी कापली आणि सगळ्यांनी वाटून खाल्ली.

तुम्ही म्हणाल, नांदेडला विमानतळ असताना हैदराबादपर्यंत रस्त्यानं कशाला? बरोबर आहे. गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचा नांदेडचा विमानतळ २००८ सालचा, गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नवा झाला. २७ एप्रिल २०१७ ला देशात ‘उडान’ योजनेची पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. नांदेडहून अमृतसरलाही विमान गेलं. पण बोअरला पाणी असावं तसं नांदेडच्या विमानाचं आहे. आहे का, असं विचारत नाहीत. ‘सध्या चालू हाय का?’ असं विचारतात. आम्हाला हव्या त्या दिवशी ते नव्हतं.

अमृतसरच्या विमानाचं आम्हाला विशेष वाटतं, कारण ती वाट मुळात आमच्या जिल्ह्याची. नामदेव महाराजांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी हिंगोलीजवळच. तिथले नामदेव चालत पंजाबात गेले, घुमानला राहिले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. २०१५ साली त्याच घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं. नांदेड-अमृतसर हवाई अंतर चौदाशे किलोमीटर. मामांचं म्हणणं, महाराज पोचले याचं कारण एकच: निघताना त्यांनी कुणाला अंतर विचारलं नाही.

तसं पाहिलं तर आमचं गावही जागचं न हलता बराच प्रवास करून आलेलं आहे. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, तेव्हा बाळापूर निजामाच्या राज्यात होतं. मुंबईहून लंडनला विमान जात होतं आणि आमचे आजोबा अजून भारतात पोचायचे होते. ते १७ सप्टेंबरला पोचले, घरी बसल्या बसल्या. पुढं १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. आम्ही रात्री परभणी जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी हिंगोली जिल्ह्यात उठलो. जिल्ह्याचं ठिकाण एका रात्रीत एवढं जवळ आलं की वेग काढायचा म्हटलं तर विमानाला लाज वाटावी.

निघायच्या आदल्या दिवशी पुतण्या उड्या मारत आला. ‘काका, काळजी करू नका. विमानतळ अर्ध्या तासावर हाय! मोबाइल दाखवायलाय!’ मी पाहिलं. खरंच, बाळापूर ते विमानतळ, अर्ध्या तासाच्या आत. आमची मंडळी तर देवाला साखर ठेवायला उठली. मग लक्षात आलं की हे बाळापूर म्हणजे हैदराबादचं, जिथल्या गणपतीच्या लाडवाचा १९९४ पासून लिलाव होतो ते. ते शमशाबाद विमानतळाच्या शेजारीच. अकोला जिल्ह्यात तिसरं बाळापूर आहेच. आमच्या गावाच्या नावाला पुढं ‘आखाडा’ जोडलेला आहे, तो अशा वेळी कामाला येतो. पुतण्यानं पूर्ण नाव टाकलं तेव्हा मोबाइलनं थोडा विचार केला आणि सात तास सांगितले.

सात तास हेही गणितच. आम्ही शुक्रवारी दुपारी चारला निघालो. गावानं निरोप दिला त्यात अर्धा घंटा गेला. कुणी लोणच्याची बरणी दिली, कुणी हळद. मामांनी शिकागोत हळदीचा भाव काय आहे ते बघून यायला सांगितलं. वारंगा फाट्यावर खिचडी झाली, कारण तिथं उतरून खिचडी न खाणं हा अपमान समजतात. नांदेडहून रात्री दहाची ट्रॅव्हल्स साडेअकराला सुटली. देगलूरच्या पुढं टायर बसलं. सकाळी सहाला आम्ही विमानतळाच्या दारात उभे होतो: चौदा तास, साडेतीनशेच्या आतबाहेर किलोमीटर. तासाला पंचवीस पडले. त्याच दिवशी दुबई-शिकागो हे अंतर आम्ही पंधरा तासांत कापलं, आणि ते होतं साडेअकरा हजारांच्या वर. विमानतळ ते विमानतळ एवढंच मोजणारे लोक हुशार असतात. ते प्रवासातला सोपा भाग तेवढा मोजतात.

खरी पंचाईत झाली ती विमान सुटल्यावर. तो वार शनिवार होता आणि आमच्या मंडळींचा मारुतीचा उपवास असतो. शनिवार मावळला की त्या सोडतात. आमचं विमान सूर्याच्या मागं मागं निघालं होतं. सूर्यही पश्चिमेला, आम्हीही पश्चिमेला. दुबईत घड्याळ दीड तास मागं गेलं. पुढं समोरच्या पडद्यावर छोटं विमान रेघेवरून सरकत होतं आणि खिडकीबाहेर ऊन हटायला तयार नव्हतं.

‘अहो, आता तरी मावळला का?’

‘नाही अजून.’

‘गावाकडं किती वाजले?’

‘रात्रीचे अकरा.’

‘मग सोडू का?’

हा प्रश्न कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता. उपवास कुठल्या रेखावृत्तावर सोडायचा, घरच्या की डोक्यावरच्या? मी शिक्षकी बाण्यानं म्हणालो, ‘जिथं आहोत तिथली वेळ धरायची.’ याचा मला सहा महिने पश्चात्ताप झाला. शिकागोत उतरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि वार तोच होता. मे महिन्यात शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं, म्हणून त्या दिवशीचा शनिवार साडेचौतीस तासांचा झाला. मंडळींनी सामान येईस्तोवर दम धरला आणि पट्ट्यासमोरच पिशवीतला दशमीचा डबा उघडला. मग त्या म्हणाल्या, ‘मारुतीनं समुद्र ओलांडला तेव्हा त्याला तरी एवढा वेळ लागला का?’

मी त्यांना आनंदीबाई जोशी सांगितल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. विवेकानंद तर खुद्द शिकागोलाच गेले. ३१ मे १८९३ ला मुंबई सोडली, चीन-जपान करत पूर्वेकडून गेले आणि जुलैच्या अखेरीस पोचले. मंडळी म्हणाल्या, ‘त्यांना रोज रात्र तरी होत होती.’

विमानतळाबाहेर पोरगा उभा होता. मी विचारलं, ‘घर किती लांब?’ इथं तरी किलोमीटर ऐकायला मिळतील, निदान मैल मिळतील, अशी माझी अपेक्षा. तो म्हणाला, ‘पाऊण तास, बाबा. पण ट्रॅफिक कसा आहे त्याच्यावर आहे.’

मी गाडीत टेकून बसलो. इतका दूर येऊन माणूस अखेर आपल्याच टपरीवर आला होता. पुढं सहा महिने तेच. दुकान दहा मिनिटं, देऊळ अर्धा तास, मराठी मंडळींच्या घरचा गणपती पन्नास मिनिटं. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली याच शिकागोत स्थापन झालं. पण इथली इतकी वर्षं राहिलेली माणसंसुद्धा आपलं घर किती मैलांवर आहे ते सांगू शकत नव्हती. अंतर माहीत असतं ते फक्त मोबाइलला आणि भूगोलाच्या मास्तरला, आणि दोघांनाही कुणी चहा देत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर परत निघालो. बुधवारी रात्री शिकागोहून बसलो आणि शुक्रवारी पहाटे हैदराबादेत उतरलो. मधला गुरुवार आभाळात आणि दुबईच्या बाकड्यावर संपला. त्याचे तासही साडेबाराच भरले, कारण आता घड्याळं साडेअकरा तासांनी पुढं गेली. मी वहीत मांडलं: जाताना साडेदहा तास मिळाले, येताना साडेअकरा गेले.

टपरीवर मामांनी ही वही दोनदा वाचली. ‘एक तास व्याज. साडेदहावर एक, सहा महिन्यांनी. म्हणजे महिन्याला शेकडा दीडच्या वर. आपल्या बाजारापेक्षा सस्तं हाय.’

पण मास्तरकी गप्प बसू देईना. मी खुलासा केला की तसं नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री दोन वाजता घड्याळं एक तास मागं घेतात. तो जादा तास आम्हाला तिथंच मिळाला होता. आम्ही झोपेत होतो, एवढंच. हिशेब बरोबर मिटला.

मामांनी चष्मा काढला. ‘झोपेत कर्ज वाढवलं? अन् तुम्हाला सकाळी कळलं?’ त्यांनी टपरीभर नजर फिरवली. ‘बघा. लई पुढं गेलाय तो देश.’

हळदीचा भावही मी सांगितला. इवल्याशा बाटलीची डॉलरातली किंमत ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. शेतापासून त्या बाटलीपर्यंतचं अंतर ते मनात तोलत असावेत.

हे सगळं टपरीवर पोचल्यानंतरचं. त्याआधी वारंगा फाटा राहिला. शुक्रवारी हैदराबादहून दिवसाच्या बसनं नांदेड आणि तिथून फाट्यापर्यंत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाळापूर समोर, बारा किंवा पंधरा किलोमीटरवर. दोन बॅगा घेऊन जीपमध्ये बसलो. जीपमध्ये आम्ही दोघं आणि एक शेळी होतो. ड्रायव्हरला अजून नऊ माणसं हवी होती. मी बसल्या बसल्या हिशेब केला: दोन घंटे थांबलो आणि मग पोचलो, तर या टप्प्याचा वेग ताशी सहा किलोमीटर पडेल. नामदेव महाराज साधारण याच वेगानं गेले असतील, आणि त्यांना शेळीचं भाडं द्यावं लागलं नसेल.

मंडळींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ‘भाऊ, किती वेळ हाय अजून?’

‘निघालोच मावशी. पाच-सहा मिनिटं,’ ड्रायव्हर म्हणाला आणि चहाच्या गाड्याकडं वळला.

मंडळींनी माझ्याकडं पाहिलं. मी घड्याळाकडं पाहिलं. ते अजून शिकागोची वेळ दाखवत होतं.

‘ही बघा तुमची वरची सहा मिनिटं,’ त्या म्हणाल्या, आणि दशमीचा डबा उघडून बसल्या.